बातम्यांतला खोकला

रेडिओवर नाव बदलावं लागतं, असं सांगून सेलोमने गावाला पटवलं होतं की बातम्या तोच देतो. प्रत्यक्षात तो वोल्टा नदीकाठच्या रेडिओ केंद्रात ट्रान्समीटर सांभाळायचा. आज आई पहाटेच्या पहिल्या ट्रोट्रो मिनीबसने थेट केंद्रावर आली, झणझणीत सूपचा डबा घेऊन. "काल बातम्यांत आठ वेळा खोकलास. गप पी." "आता बरंय गं," सेलोम म्हणाला. इतक्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून बातम्या सुरू झाल्या, खोकल्यासकट. सेलोमने घाईघाईने तोंडावर हात धरून खोकून दाखवलं, पण अंमळ उशीरच झाला. आईने स्पीकरकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या निवेदकाकडे, मग पोराच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे. सेलोमची मान खाली गेली. "आई, मी फक्त यंत्रं बघतो." "बरं झालं," आई बाकावर टेकत म्हणाली. "तीन वर्षं पोटच्या पोराचा आवाज ओळखू येईना. कान गेले समजून दोनदा डॉक्टरकडे जाऊन आले."