दुसऱ्या फेरीचा सत्कार

स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्याखालून सोमशेखर दुसऱ्यांदा लंगडत गेला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘खडतर स्पर्धा पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. फ्लेक्स कालच लागला होता. ऐनवेळी छापून मिळत नाही, एक दिवस इकडे काय नि तिकडे काय, असं चनबसप्पा काकांचं म्हणणं. खाली नऊ शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यातल्या आठांना पोहता येत नव्हतं आणि नववे स्वतः काका होते.

स्पर्धेचा मार्ग संयोजकांनी आदल्या दिवशी नीट समजावून सांगितला होता. आधी तलावात पोहायचं. मग सांगोल्याच्या रस्त्याला नव्वद किलोमीटर सायकल. जाताना वारा पाठीशी असेल, खूश होऊ नका, येताना तोच तोंडावर येईल. मग तलावाभोवती सात-सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या पळायच्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी रस्ता फुटतो. डावीकडे पुढची फेरी, उजवीकडे शेवटची कमान. तिन्ही फेऱ्या होईपर्यंत उजवीकडे बघायचंच नाही.

सोमशेखरने हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. पण लिहून घेतल्याने वारा थोडाच थांबतो? परतीच्या रस्त्यावर त्याची डावी पोटरी धरली ती धरलीच. दोन फेऱ्या त्याने कशाबशा ओढल्या. आता फाट्यावर छातीवरचा नंबर काढून द्यायचा आणि सावलीत बसायचं, एवढं त्याचं ठरलं होतं.

फाट्याच्या अलीकडेच हलगी कडाडली. पंचवीस-तीस माणसांनी त्याला घेरलं. काकांनी फेटा चढवला, गळ्यात झेंडूचा हार पडला, कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. तो काही बोलायच्या आत काकांनी माइक धरला आणि सोलापूरचं नाव जगात गेल्याचं जाहीर करून टाकलं. मघाशी एकदा गेला, आता परत आला, म्हणजे संपली शर्यत, असं सगळे धरून चालले होते. फेऱ्या किती, हे कुणी विचारलंच नव्हतं. फ्लेक्सवर तसं कुठं लिहिलं होतं?

ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला. महेश्वरी आरतीचं ताट घेऊन पुढे आली. ओवाळताना तिने त्याच्या पायाकडे पाहिलं.

“पाय?”

“गेला.”

“मग ऱ्हाऊ द्या की. मी काय बोलणार न्हाय.”

कमानीवरच्या घड्याळात एक छत्तीस झाले होते. पावणेदोनला मुदत संपून डावा रस्ता बंद होणार होता. सोमशेखरच्या लक्षात आलं, की आपल्याला खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही. नऊ मिनिटं नुसतं गप्प उभं राहायचं. रस्ता आपोआप बंद होईल, काका बोलत राहतील, आणि संध्याकाळी घरोघर पेढे जातील. त्याला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मग लोकांनी वाट केली आणि त्याला अप्पांपुढे नेऊन उभं केलं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, शिवलिंगप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे त्यांना पाच मिनिटंही उभं राहवत नसे, म्हणून सकाळपासून रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले होते. सोम्याचं सगळं निम्म्यावर, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिनिअरिंग दोन वर्षांत सोडलं, टॉवेलचा कारखाना तीन वर्षांत. पाहुण्यारावळ्यांपुढेही ते हेच सांगत आणि सोमशेखर खाली मान घालून चहा पीत असे.

अप्पांनी त्याला खाली वाकवलं आणि कपाळाला विभूती लावली. आनंद झाला की अप्पा कानडीत बोलत. ह्या खेपेला तू निम्म्यात सोडलं नाहीस, असं ते त्याच्या कानात कानडीत म्हणाले. एवढं बोलून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

सत्तेचाळीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आले आणि एक फेरी आधीच आले. समोर अप्पा, मागे माणसांची भिंत, आणि घड्याळात एक बेचाळीस. बोलावं तर म्हाताऱ्याचा हा एवढासा आनंद आपल्याच हाताने मोडायचा. न बोलावं तर तो जन्मभर उरावर घेऊन हिंडायचा.

“अप्पा,” तो म्हणाला, “अजून एक फेरी हाय.”

काका थांबले. हलगी थांबली. कुणीतरी हसलं. अप्पांना नीट कळलं नसावं असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं, पायाचंही सांगितलं, आणि इथेच सोडून देणार होतो हेही सांगून टाकलं.

अप्पा काठीवर जोर देऊन उठले. महेश्वरी आधार द्यायला धावली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. सोमशेखरच्या गळ्यातला हार त्यांनी आपल्या हाताने काढला आणि मागे वळून खुर्चीवर ठेवला.

“ह्यो हितं ऱ्हाऊ दे,” ते मराठीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “येऊन घाल. सरका रे, वाट सोडा त्येची.”

माणसं सरकली. सोमशेखर फेट्यासकट फाट्यापर्यंत गेला आणि डावीकडे वळला. पोटरीतून कळ मस्तकात गेली. थांबावं म्हणून त्याने मागे पाहिलं.

काका दुसरी खुर्ची पुढे करत होते. अप्पा ती काठीने मागे ढकलत होते. खुर्चीत हार बसला होता आणि भर उन्हात अप्पा त्याच्याशेजारी उभे होते.