कॅमेऱ्याशेजारचा दिवा

सीत्स्केने लॅपटॉप बंद केला, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा चालू केला. स्क्रीनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, कॅमेरा चालू असल्याचा तो हिरवा दिवा लागलेलाच होता.

लॅपटॉप नवा कोरा होता. खोकंसुद्धा अजून जिन्याखाली पडून होतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. दुसऱ्या दिवशी निरोप आला.

"पिवळा स्वेटर छान आहे. उजव्या खांद्यामागची शिवण मात्र उसवलीय."

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. सीत्स्केने स्वेटर काढून पाहिला. शिवण खरंच उसवली होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

ती पेटंटची भाषांतरं करायची. दाराशेजारच्या पितळी पाटीवर तिच्या नावाखाली ईमेलचा पत्ता कोरलेला होता, म्हणजे निरोप कोणीही पाठवू शकत होतं. पण तिला बघत कोण होतं? तिच्या मनात एकच नाव येत होतं. गेर्बेन, तिचा पूर्वीचा नवरा, दुसऱ्यांच्या संगणकात शिरण्यात पटाईत. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो हसून म्हणाला होता, "कुठेही जा, मला दिसशीलच."

तिने कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. चहा निवायच्या आत दुसरा निरोप आला.

"पट्टी कशाला लावलीस? केस वर बांधलेस की मान किती छान दिसते."

तिने घाईघाईने केस सोडले. मग स्वतःला समजावलं, पट्टी जवळ येताना कॅमेऱ्याला दिसलीच असणार. पण केस तिने पुन्हा बांधले नाहीत. नेदरलँड्समधल्या डोक्कम गावातलं हे कालव्याकाठचं चिमुकलं घर तिचं एकटीचं असं पहिलंच होतं. इथूनही पळावं लागलं, तर पुन्हा कुठे घर मांडायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे तिला कळत होतं.

मोकळ्या हवेसाठी ती पुलावर आली. कठड्याला टेकून हिंकेबाई उभ्या होत्या. त्या कालव्याच्या पलीकडे, तिच्या अगदी समोर राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता पक्षी मोजत. गळ्यात कायम दुर्बीण.

"काय गं पोरी, चेहरा असा काय? परीक्षेत नापास झाल्यासारखा!"

सीत्स्केने सगळं सांगितलं. गेर्बेनचंसुद्धा.

"कॅमेराच तो, दुसरं काय असणार!" हिंकेबाई म्हणाल्या. "नेऊन आपट त्या दुकानदाराच्या पुढ्यात. बदलून देत नाही म्हणाला, तर मला बोलाव. चाळीस वर्षं पोरं हाकलीत मी, दुकानदार काय चीज आहे!"

सीत्स्केला जरा हसू आलं. "खिडकीला पडदे लावावेत, असंही मनात येतं."

"पडदे? अगं, दिवसाढवळ्या पडदा ओढलास तर गल्लीतली माणसं फुलं घेऊन येतील दाराशी, घरात कोण वारलं म्हणून विचारायला. आपल्यात कोणी लपवतं का काही?" त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "तुझ्याआधीची ती गुणी मुलगीही अशीच उगाच घाबरून सोडून गेली. तू तरी राहा गं."

"तुमचे पक्षी काय म्हणतात?"

"कसले पक्षी! कालवा गोठला तशी शेवटची पाणकोंबडीसुद्धा उडाली. बसलेय आपली रिकामी."

दुसऱ्या दिवशी सीत्स्के दुकानात गेली. काउंटरवर लोबके नावाची तरतरीत मुलगी होती.

"दिवा विझतच नाही? वा, म्हणजे वीज गेली तरी चिंता नाही."

"हसू नका हो. कोणीतरी बघतंय मला यातून."

लोबकेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. ती आत जाऊन कोणाशी तरी बोलली आणि बंद खोकं घेऊन बाहेर आली. "हा घ्या दुसरा. जुना मी आजच उघडते आणि काय सापडतं ते कळवते. यात कोणी शिरलं असेल, तर पोलिसांकडे न्यायला पुरावा होईल तुम्हाला."

घरी येताना सायकलच्या टोपलीतलं खोकं पाहून हिंकेबाईंनी पलीकडच्या काठावरून ओरडून विचारलं, "दिला ना बदलून?"

"दिला!"

"शाब्बास! आता बस निवांत."

नवा लॅपटॉप तिने टेबलावर ठेवला. कागदांवर उजेड पडावा म्हणून ती नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायची, त्याच जागी. अजून तो सुरू केला नव्हता. पण कॅमेऱ्याशेजारी काहीही जळत नव्हतं, आणि तेवढ्यानेच तिला हलकं वाटलं. कालपासून मोकळे सोडलेले केस तिने पुन्हा वर बांधले.

फोन वाजला. लोबके होती.

"बाई, उगाच घाबरलात तुम्ही! कॅमेऱ्याची तार कारखान्यात जोडायचीच राहिलीय. नुसत्या दिव्याला वीज जात होती. तुमचा लॅपटॉप जन्मांध होता हो! त्याने तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही."

सीत्स्केचा हात आपोआप मानेवर गेला.

समोरची स्क्रीन काळी होती, आरशासारखी. तीत तिचा चेहरा दिसत होता. चेहऱ्यामागे पडदे नसलेली मोठी खिडकी, खिडकीबाहेर गोठलेला पांढरा कालवा, त्यावर एकही पक्षी नाही. आणि पलीकडच्या खिडकीत, दुर्बीण डोळ्यांना लावून, हिंकेबाई.