परतीच्या गाठी

मानोऱ्यात नदीकाठी चालायचा नवा रस्ता झाला, तेव्हापासून सपनाच्या सासऱ्यांना, इंद्रभान मामाजींना, सकाळच्या फेरीचा नादच लागला. जाताना सरळ जायचे, पण अलीकडं परतीची वाटच विसरायचे. काठावरून वर येणाऱ्या गल्ल्याही साऱ्या सारख्याच. सोमवारी सपना सहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन दोन तास वणवण फिरली, तेव्हा कुठं ते पुलापलीकडं सापडले.

"उद्यापासून दाराले कडी लाव," तिचा नवरा प्रसेनजित म्हणाला.

"बाबा हायेत तुमचे, वासरू नाही," सपना म्हणाली.

दुपारी लेक झोपली, तसं तिनं दिवंगत सासूचं हिरवं लुगडं काढलं. लेकीचं दुपटं शिवून उरलेला तुकडा होता तो. त्याच्या अकरा चिंध्या फाडल्या, शेजारणीला लेकीजवळ बसवलं आणि पुलापासून घरापर्यंत वळणावळणाच्या खांबांना, फक्त येताना दिसतील अशा बांधून आली. पाय तुटायला आले होते.

दुसऱ्या दिवशी मामाजी अगदी वेळेवर दारात हजर! सपनानं सुटकेचा निःश्वास सोडला, तोच त्यांनी रागारागानं दोन्ही खिसे उलटे केले.

"वच्छलाचं लुगडं कोनं फाडून टांगलं वं वाटेनं? एकेक सोडवत आलो. एकबी चिंधी मागं ठेवली नाही."

अकराच्या अकरा चिंध्या होत्या.



तेव्हापासून रोज पहाटे, लेक उठायच्या आत, सपना अकरा गाठी मारून येते. आणि रोज सकाळी मामाजी त्या सोडवत सोडवत घरी पोचतात.