सुरीचा मान

शाईचा पॅड पुढे सरकवला तसा सरदार मुलाणी हसला. "अंगठा कशाला? चवथी झालीया माझी. सही येती मला."

सुरेंद्र साहेब ओशाळले आणि त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं. वाघजाईच्या देवळाच्या ओट्यावर चौघेच बसले होते. कंपनीतले इंजिनियर आणि नव्या कॉलनीचे सेक्रेटरी सुरेंद्र साहेब, सरपंच हिंदुराव, ग्रामसेवक अनंता, आणि सरदार. पुढ्यात कागद होता. वाघजाईच्या जत्रेत बोकडावर सुरी फिरवायचा मुलाण्याच्या घराचा मान सरदार राजीखुशीनं सोडतो आहे, स्वतःपुरता आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांपुरता, असं त्यावर लिहिलं होतं.

दिघी गावाच्या अलीकडच्या ज्वारीच्या रानात कॉलनी उठली त्याला चार वर्षं झाली होती. माणसं सभ्य. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. जत्रेच्या दिवशी देवळामागच्या चरातून रक्त वाहायचं, ते तेवढं त्यांना बघवेना. मागल्या जत्रेनंतर सुरेंद्र साहेबांची धाकटी तीन दिवस धड जेवली नाही. मग गावानं ठरवलं, यंदापासून देवीला नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. गावानं म्हणजे हिंदुरावांनी. रान विकून झाल्यावर त्यांनी कॉलनीच्या रस्त्याचं कंत्राट घेतलं होतं, आणि ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

अडचण एकच होती. देवीचा मान कुणाला काढून घेता येत नाही. ज्याचा असेल त्यानंच तो सोडावा लागतो.

त्या मानातून सरदारला मिळायचं तरी काय? बोकडाची मुंडी आणि एक नारळ. पण त्या दिवशी पाटलापासून रामोशापर्यंत सगळं गाव बोकडाचा दोर धरून त्याच्या सुरीची वाट बघत उभं असायचं. त्यानं बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय वाघजाईचा प्रसाद कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आज्याच्या आज्यापासून हे असंच चाललं होतं. मुलाण्याला शेत नव्हतं, सातबारा नव्हता, घर होतं तेही देवीच्या जागेत. गावात त्याचं म्हणावं असं एवढंच होतं.

आणि आता पोटावर आलं होतं. चिंचेखालचं त्याचं मटणाचं दुकान कॉलनीच्या रस्त्यात जात होतं. महिनाअखेरीला पत्रे निघणार होते. ग्रामपंचायतीनं आणि कॉलनीनं मिळून बांधलेली नवी मंडई समोर तयार होती. तिथं गाळा मिळाला तर चूल पेटणार, नाही तर नाही. बायको गौहर सकाळीच म्हणाली होती, "मानानं प्वाट भरतंय व्हय? सही करा अन् गाळा घ्या."

"गाळा मिळेल, सरदारभाई. मी शब्द देतो," सुरेंद्र साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, हेही सांगायला हवं.

सरदारनं पेन टेकवलं आणि हात थांबला. त्यानं हिंदुरावांकडे पाहिलं. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले होते.

"हिंद्या, करू का रं?"

"कर की लेका. कागदानं काय व्हतंय? गाव काय कागदावर हाय व्हय?"

सरदारनं सही केली. भांडण होईल, चार डोकी फुटतील, अशी सुरेंद्र साहेबांना धास्ती होती. सुंठीवाचून खोकला गेला. चहा आला, तेव्हा पहिला कप त्यांनी स्वतः उचलून सरदारच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर गाळ्यांचं वाटप झालं. सरदार धुतलेला सदरा घालून पुढेच बसला. अनंतानं नियम वाचला. बारा गाळे गावच्या बलुतेदारांना, म्हणजे ज्यांचा गावात पिढीजात मान आहे त्यांना. उरलेले बाहेरच्यांना, जसे अर्ज येतील तसे. मग त्यानं एकेक नाव पुकारलं. न्हावी उठला. कुंभार उठला. सुतार, परीट, गुरव उठले. अकरा झाले तसा सरदार पुकारायच्या आधीच उभा राहिला.

अनंता यादीशी अडखळला. कालचा कागद त्यानं यादीलाच टाचला होता. "सरपंच, मुलाण्यांचा मान आता... म्हणजे ह्यांनीच लिहून दिलंय. नियमात बसत नाही."

सुरेंद्र साहेबांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माणूस शब्दाचा पक्का. ते लगबगीनं उठले, एक कोरा अर्ज मागून घेतला आणि सरदारला हाताला धरून शेजारी बसवलं.

"काळजी करू नका. बाहेरच्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं. अर्ज मीच भरतो."

त्यांनी सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. धंदा लिहिला. मग पेन थांबलं.

"मूळ गाव काय लिहू?"

सरदारनं हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुराव खाली वाकून पायातली वहाण नीट करत होते. ती केव्हाची नीट होती. शेवटी सरदारनंच उत्तर दिलं.

"कालपातूर हितलाच व्हतो, साहेब."