भंडाऱ्याचं ताट

बिरोबाच्या देवळात भंडाऱ्याचं ताट फिरत होतं. चराईच्या भांडणात सिदानं म्हाकूला कुऱ्हाडीनं तोडलं, त्याला वर्ष झालं. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून तो कोर्टातून सुटला. आता पंच वैर मिटवायला बसले होते.

दोन्ही घरचे पुरुष एकेक करून भंडारा उचलून बिरोबाची शपथ घेत होते. "आजपास्नं हात उगारणार न्हाई." म्हाकूच्या दोघा भावांनीही मान खाली घालून उचलला.

खांबाला टेकलेल्या म्हाकूच्या आईनं, तायव्वानं, ताट जवळ येताच हात पुढं केला. काळीज जळत होतं, पण देवाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

"बायकांनी उचलायची रीत न्हाई, आक्का," म्हणत पंचानं ताट पुढं नेलं.

तायव्वा रिकाम्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला.

समेटाच्या पंगतीत तिनं सिदाला स्वतः वाढलं. बोकडाचा रस्सा त्यानं दोनदा मागून घेतला. बोकड कापलेला सत्तूर उचलून ती त्याच्या पाठीमागं येऊन उभी राहिली.

"बिरोबा," ती म्हणाली, "म्या काय तुला शब्द दिल्याला न्हाई."