पंखा पाचावर

कुमुदताईंनी पंखा पाचावर नेला, की वसंतराव मफलर सावरत उठून तो एकावर आणत. वर्षभर रोज हेच भांडण चाललं होतं.

छातीत धडधडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून कुमुदताई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सोबत आलेल्या नवऱ्याच्या गळ्यात भर वैशाखात मफलर पाहून बाईंनी दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट पाहून त्या हसल्या. “तुमची थायरॉइड ग्रंथी उधळलीय, यांची पेंगतेय. गोळ्यांनी दोन्ही ताळ्यावर येतील.”

श्रावणापर्यंत पंखा तिनावर स्थिरावला. कुणी उठेना, कुणी भांडेना. कुमुदताईंना करमेना. एका दुपारी त्यांनी मुद्दाम पंखा पाचावर नेला.

वसंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कपाटातून मफलर काढून गळ्याभोवती गुंडाळला आणि पंखा एकावर आणला.

“थंडी वाजतेय मला,” ते घाम पुसत म्हणाले.