चेहऱ्यावरचा उजेड

रिसोडच्या राखीला ॲनिमेशनपटाचं पहिलं काम मिळालं. त्यातल्या भाजीवालीचा चेहरा तिने संगणकावर आईवरूनच घडवला. पुण्याहून दिग्दर्शकाचा फोन आला, "बाई काळी दिसतेय. गोरी करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." शेजारी मेथीच्या जुड्या बांधत आई म्हणाली, "करून टाक गोरी. मले काय फरक पडते?" "मले पडते," राखी म्हणाली. त्वचेच्या रंगाला तिने हातच लावला नाही. दृश्यातला समोरचा भगभगीत दिवा मालवला, बाजूने सकाळचं कोवळं ऊन सोडलं, सावलीत निळसर छटा मिसळली. चेहरा उजळला. नवं चित्र बघून दिग्दर्शकाने खूश होऊन पुन्हा फोन केला. "गोरी केल्यावर कशी खुलली!" राखीला गप्प राहता आलं असतं. "सर, रंग तोच आहे. मी उजेड बदलला." तो म्हणाला, "मग रंग तोच ठेवा." आई उठून स्क्रीनजवळ आली. "मी इतकी साजरी हाये?"